भरती सव्वाबाराला, बैठक साडेनऊला

सकाळी ६.१०

आप्पांचा फोन. आप्पा शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव, आणि मी डिचोली तालुक्यातल्या मुळगावात. "साहेब, मशीन फॅट दाखवतंय, पण काम्पुटरवर आकडा येईना झालाय. भाईर लाईन केवढी लागलीया!" लाईन मला दिसत नाही, ऐकू येते. किटल्यांचा खणखणाट आणि मागून कोणाचं तरी "आवरा की आप्पा, रानात जायचंय."

दूध संकलन बघायला अगदी साधं असतं. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध काट्यावरच्या बादलीत ओततात, थोडा नमुना मशीनला लावतात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, कळतं, दरपत्रकातून भाव निघतो, पावती हातात पडते. एका माणसामागे हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकावं लागतं. टँकर ठरल्या वेळेला निघतो, आणि मे महिन्याच्या उकाड्यात दूध कोणासाठी थांबत नाही. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. ती कंपनी या अर्ध्या मिनिटाचं सॉफ्टवेअर बनवते आणि मी त्याचे पडदे आखतो.

मशीन आणि संगणक यांच्यातली तार सैल झाली असणार. पूर्वी अशा वेळी आमचं सॉफ्टवेअर अडून बसायचं. मशीनकडून आकडा आल्याशिवाय पावती नाही, कारण सचिव हाताने फॅट टाकेल आणि आपल्या माणसाला दोन पॉइंट जास्त देईल ही भीती. भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत रोज पहाटे रांगेत उभा राहणारा शेतकरी मोजत होता. मग आम्ही "हाताने आकडा" असं एक बटण दिलं. ते दाबलं की कारण निवडावं लागतं, पावतीवर छोटी खूण उमटते आणि संध्याकाळी अध्यक्षांना अशा पावत्यांची यादी जाते.

"आप्पा, हाताने टाका. कारण 'केबल' निवडा."

"मग रातच्याला चेअरमन मला इचारत्याल की."

"विचारू देत. नोंद आहे. मशीनच्या पडद्याचा फोटो तेवढा काढून ठेवा."

रांग हलली. लॅरी टेस्लर नावाचा एक संगणकतज्ज्ञ होता, कट-कॉपी-पेस्ट ज्याच्या नावावर आहे तो. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक कामात काही गुंतागुंत अशी असते की ती कमी होतच नाही, फक्त जागा बदलते. अभियंत्याने एक आठवडा जादा खपून जो गुंता आत घेतला असता तो त्याने बाहेर ठेवला, तर लाखो वापरणाऱ्यांना रोज एकेक मिनिटाचा दंड बसतो. हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात आठवडा कोणी द्यायचा यावरूनच सगळी भांडणं होतात.

सकाळी ७.३०

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. उंडे घेतले, चहा झाला. पोदेराशी रोजचे विषय दोनच, पाऊस आणि खाण. आज खाण.

मुळगावात राहणाऱ्याला गुंतागुंतीवर पुस्तक वाचायची फारशी गरज नाही. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, नंतर काही सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली खनिज ब्लॉकचा लिलाव झाला. क्षेत्र सुमारे ४७८ हेक्टर, एका रेषेने वेढलेलं. त्या रेषेच्या आत डोंगर आला, तशी मुळगावची घरं आली, देवळं आली, शेतं आली. ती आधी वगळा, मग बोला, ही गावकऱ्यांची मागणी तेव्हापासूनची.

लिलाव करायचा तर सगळं एका नकाशावर, एका नावाखाली आणावं लागतं, हे मला कळतं. आकडा लावता येईल अशी वस्तू लागते. पण रेषा जितकी सरळ, तितका तिच्या आतल्या माणसांच्या वाट्याला गुंता जास्त. घराचा कागद एका कायद्याखाली, शेत दुसऱ्या, देऊळ तिसऱ्या. विहिरीचं पाणी तर कुठल्याच कागदावर नाही. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आत झिरपणारं पाणी उपसावं लागतं, आणि उपसा चालू झाला की भोवतालच्या विहिरी उतरू शकतात. खड्ड्याची हद्द आखता येते, पाण्याची नाही.

पोदेर म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच काढा की नवा नकाशा." सायकलवर टांग मारून तो केळबाईच्या देवळाच्या दिशेने गेला.

सकाळी ९.३०

ऑनलाइन बैठक. विषय, संकलनाच्या पडद्यावर आठ नवे रकाने.

एका दूध संघाची मागणी आहे. पशुवैद्यकीय विभागाला जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक हवा. गुणवत्तावाल्यांना दुधाचं तापमान हवं. पशुखाद्य विभागाला उचल किती बाकी ते तिथेच दिसायला हवं. हिशेबवाल्यांना बँक खात्याची खात्री करून घ्यायची आहे. प्रत्येकाची मागणी वेगवेगळी ऐकली तर शहाणपणाची. आठही एकत्र केल्या की सकाळी सहा वाजता आप्पांच्या समोर एक सरकारी फॉर्म उभा राहतो.

मेल्विन कॉनवे या प्रोग्रॅमरने १९६८ साली लिहून ठेवलं आहे की संस्था जी प्रणाली घडवते ती तिच्या आतल्या संवादाच्या रचनेची नक्कल असते. आमच्या पडद्याकडे बघून संघात किती विभाग आहेत आणि त्यांतले कोणते एकमेकांशी बोलत नाहीत हे कोणीही सांगेल. चार विभाग, चार पट्टे, चार रंग.

मी बिल्ल्याच्या रकान्यावर अडलो. "शेतकऱ्याच्या किटलीत तीन म्हशींचं दूध आहे. सचिवाने कुठल्या म्हशीचा नंबर टाकायचा?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग संघाकडून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "सर, पण वरून मागणी आहे."

वरून मागणी आली की खाली काहीतरी भरलं जातं, हा अनुभव महाराष्ट्रात काय आणि गोव्यात काय, एकच. सचिव पहिल्याच म्हशीचा नंबर पाठ करेल आणि रोज तोच टाकेल. सहा महिन्यांनी कोणीतरी त्या आकड्यांचा आलेख काढेल आणि एकच म्हैस रोज चाळीस लिटर दूध देते असं निष्पन्न होईल. बिल्ला जनावराचा असतो, लिटरचा नसतो. तो वर्षातून एकदा गोठ्यात जाऊन नोंदवायचा. हे पटायला पाऊण तास गेला. तापमान टँकर भरताना, खात्याची खात्री सभासद नोंदणीच्या वेळी, उचल दहा दिवसांच्या बिलात. आठांपैकी पहाटेच्या पडद्यावर शून्य. मॅडमनी शेवटी मनापासून विचारलं, "मग आमच्या विभागाचं काम कुठे दिसणार?" हा प्रश्न तिथल्या सगळ्या तांत्रिक प्रश्नांहून खरा होता. त्यांच्यासाठी एक वेगळा अहवाल करून द्यायचं मी कबूल केलं. तेवढा गुंता आमच्या अंगावर.

सकाळी ११.१५

डिचोली, तालुक्याची कचेरी. मामा आधीच येऊन बाकावर बसले होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मामा पिळगावचे. त्यांचं शेत सारमानसच्या बाजूच्या खाजनात, आणि ते तिथल्या कुळांच्या संघटनेच्या समितीवर आहेत. कागद लिहायला भाचा.

खाजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची ही जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणजे निसर्गाने ती नदीलाच दिलेली. गोव्यातल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीचे आणि चिऱ्यांचे बांध घालून ती नदीकडून मागून घेतली. बांधाला एका ठिकाणी तोंड ठेवलं आणि तोंडाला दार बसवलं, ती मानस. भरतीचं पाणी चढलं की दाबाने दार मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. आत पाणी साठायला एक खोलगट तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. पोंयीच्या भोवती आतला बांध, त्याच्या पलीकडे भातशेती. खाऱ्या जमिनीत टिकणारी कोरगुटासारखी भातं पावसात इथे पिकतात. मानशीच्या तोंडाला जाळं लावून मासळी मिळते, ती धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात जातो, आणि पावणीच्या पैशातून बांध दुरुस्त होतो. भात, मासळी, बांध, पैसा, सगळं एकमेकांत ओवलेलं.

पूर्वी हे ओवायचं काम गावकरीचं होतं, पोर्तुगीजांनी जिला कोमुनिदाद म्हटलं तिचं. १५२६ साली तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे रिवाज फोराल म्हणून लिहून काढले गेले, आणि पोर्तुगीज अंमलाच्या शेवटच्या वर्षी, १९६१ मध्ये, कोमुनिदादींची जाडजूड संहिता झाली. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. हे व्हायलाच हवं होतं. माझ्या आजोबांनी आयुष्यभर खंड घातला, मामा स्वतःच्या शेतात उभे राहतात, यात मला काही दुमत नाही. पण शेत वाटून देता येतं, बांध वाटून देता येत नाही. म्हणून १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटना केल्या आणि सामायिक जबाबदारी त्यांच्यावर टाकली, देखरेख मामलेदारांची.

कागदावर हे सुटसुटीत आहे. मानशीचं एक दार कुजलं तर प्रत्यक्षात काय होतं ते बघा. दुरुस्ती संघटनेची. मोठ्या कामाचा अंदाज कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाचा. बांधावर कांदळवन वाढलं असेल तर वनखात्याला विचारायला हवं. नदीपात्र आणखी कोणाचं. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद आहे, तीही बघायची. संघटनेची सभा बोलवायची तर सभासदांची यादी लागते. यादी एक-चौदाच्या उताऱ्यावरून करायची, आणि उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात नाव आहे ते केव्हाच वारलेल्या माणसाचं. वारसांमध्ये इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा-वाटणी, झालेली नाही, दोघं मुंबईला, एक कुवेतला.

खिडकीतल्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "मामा, सभेचा तुमचा अर्ज बरोबर आहे. पण हे जे चार नंबरचं नाव आहे, त्यांची सही?"

"ते वारले हो. मी खांदा दिलाय."

"मला माहीत आहे. पण उताऱ्यावर ते आहेत ना."

बाईंनी स्वतःहून मार्ग सुचवला. हयात वारसांपैकी एकाचं प्रतिज्ञापत्र जोडा, यादीत "वारस" असं लिहा, आणि सभेच्या इतिवृत्तात तसं नमूद करा. तिथल्या तिथे एका कागदावर नमुनाही लिहून दिला. कचेऱ्या चालतात त्या अशा माणसांवर. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉस ॲशबी याने १९५६ च्या पुस्तकात मांडलेला नियम असा, की परिस्थिती जितक्या तऱ्हांनी बदलू शकते तितक्या तऱ्हा तिला आवर घालणाऱ्याकडेही असाव्या लागतात. नियमपुस्तकाकडे त्या नव्हत्या, बाईंकडे होत्या. त्यांची बदली झाली की त्या तऱ्हाही त्यांच्याबरोबर जातील, ही मात्र धास्ती आहे.

बाहेर आलो तेव्हा सव्वाबारा. मामा घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता भरती पुरी झाली असेल. अमावास्येचं उधाण आहे." अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. पुढे रोज साधारण पन्नास मिनिटांनी वेळ सरकत जाते. मामांना हे बोटांवर येतं. मला ॲप उघडावं लागतं.

दुपारी १.४५

शीत, सुंगटांचं हुमण, वर दहा मिनिटांची झोप.

दुपारी २.३०

हे माझे खरे कामाचे तास. फोन बंद, कागद-पेन्सिल.

आज दरपत्रकाचं काम आहे. गाईच्या दुधाचं फॅट ३.० पासून ५.० पर्यंत ०.१ च्या टप्प्याने घेतलं तर एकवीस ओळी होतात, एसएनएफ ७.५ ते ९.० घेतलं तर सोळा रकाने. म्हणजे ३३६ घरं, प्रत्येकात एक भाव. म्हशीचं पत्रक वेगळं. दर दहा दिवसांच्या मध्येच बदलला तर जुन्या दिवसांना जुना, नव्यांना नवा. सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध यांचं फॅट वेगळं. इतक्या वर्षांत मला कळलं ते हे, की इथे काही गुंता गाईने आणलेला असतो आणि काही कार्यालयाने. फ्रेड ब्रुक्स या संगणकशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हीच विभागणी सॉफ्टवेअरबद्दल केली होती, कामाच्या अंगभूत अडचणी एकीकडे आणि आपल्या साधनांनी निर्माण केलेल्या दुसरीकडे. गाईशी भांडून उपयोग नाही. ३३६ घरं राहणारच. पण आमच्याकडे त्याच दरपत्रकाच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या आहेत, आणि दर बदलला की चारही ठिकाणी बदलावा लागतो, हे काही गाय सांगत नाही.

चारांची एक प्रत केली. बाकीच्या तीन ठिकाणांनी त्या एकीलाच विचारायचं. कागदावर चार बाण, एक चौकोन. दिसायला किरकोळ, पण आतमध्ये किती जोडण्या उसवाव्या लागतील ते उद्या आमच्या सुरतच्या इंजिनिअरला सांगताना कळेल. तो शिव्या देईल. देऊ दे. त्याचा आठवडा गेला तर शेकडो सचिवांचे महिन्यातले तीन वाद वाचतील.

संध्याकाळी ५.४०

पिळगाव. स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून बांधावरून चालत मानशीकडे. ओहोटी ऐन भरात होती, आतलं पाणी दार ढकलून बाहेर धावत होतं. तोंडाशी जाळं लावलेलं. गेल्या पावणीचा पावणेकार चिऱ्यावर बसून विडी ओढत होता. मामांनी त्याला हाक मारली, त्याने हात वर केला. पाण्यावरून भांडण असलं तरी बोलणं बंद नाही.

दार जवळून बघितलं. तीन फळ्यांतली खालची कुजून कोपरा उडालेला, तिथून भरतीला खारं पाणी आत येतं. "एवढीशी फट," मी म्हणालो. मामांनी चप्पल काढली, बांधाच्या उतारावर उतरले आणि बोटाने एक भोक दाखवलं. कुर्लीचं. "हे बघ. हे आज मूठभर मातीने बुजतं. नाही बुजवलं तर दोन उधाणांत इथून खांड पडेल. खांड पडली की शेतात मीठ. मग दोन-तीन पावसाळे धुवायला लागतात." भोकात त्यांनी चिखल कोंबला, टाचेने दाबला, पुढे गेले. पुढे आणखी एक होतं.

हे काम कोणाचं? जुन्या पद्धतीत बांधावरून फिरणारा माणूस नेमलेला असे. आज ते पावणेकाराने करायचं असं पावणीच्या अटीत एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि पावणेकाराचं पोट मासळीवर. मासळी भरतीच्या पाण्याबरोबर आत येते, म्हणजे जितकं खारं पाणी आत घ्यावं तितका त्याचा फायदा. शेतकऱ्याचं उलट. जून ते कापणीपर्यंत पोंयीतलं पाणी खाली राहिलं पाहिजे, नाहीतर ते आतल्या बांधावरून भाताच्या मुळाशी जातं. एकाच दाराला दोन मालक, आणि दोघांचे हेतू विरुद्ध दिशेचे. यात लबाडी शोधायची गरज नाही. मीही त्याच्या जागी असतो तर दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवलं असतं.

रचना म्हणून मात्र हे खाजन बघत राहावं असं आहे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ च्या एका निबंधात लिहिलं की टिकणाऱ्या जटिल व्यवस्था बहुधा अर्धवट सुट्या भागांच्या असतात. भागाच्या आत घट्ट नातं, भागाभागांत सैल. एक भाग बिघडला तर सगळं कोसळत नाही. इथे तेच आहे. नदी आणि पोंय यांच्यात बाहेरचा बांध, पोंय आणि शेत यांच्यात आतला बांध, शेताशेतांत मेरा. बाहेरून फट पडली तरी पाणी आधी पोंयीत थांबतं, माणसाला हालचाल करायला एक-दोन भरत्या मिळतात. सायमनचा निबंध माहीत नसताना हे बांधणाऱ्यांनी किती खांडी पडताना पाहिल्या असतील!

आणि दार. मुद्दाम अडवून धरलं नाही तर ते दिवसातून दोनदा आपोआप मिटतं, दोनदा उघडतं, हात लावावा लागत नाही. पण एखाद्या रात्री ओंडका वाहत येतो आणि दाराच्या फटीत अडकतो. त्या रात्री पाण्यात उतरून तो काढणारा माणूस लागतो. स्वयंचलित गोष्टीला माणूस लागत नाही असं सॉफ्टवेअरवाले म्हणतात, तेव्हा त्यांनी ओंडका पाहिलेला नसतो. आप्पांची सैल तार म्हणजे तोच ओंडका.

रात्री ८.००

समितीची बैठक मामांच्या ओसरीवर. सातजण, चहा, डासांची अगरबत्ती. विषय, येत्या पावणीच्या अटी.

समितीतला सर्वांत तरुण मुलगा अभियंता आहे. त्याने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. मोटारीवर चालणारं दार, पाण्याच्या पातळीचा सेन्सर, फोनवरून उघडझाप. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, घरातला कॉम्प्युटरवाला मी. मी विरोध केला. खाऱ्या पाण्यात मोटार किती वर्षं टिकेल हा एक भाग. खरा प्रश्न वेगळा होता. फोन कोणाच्या खिशात? पावणेकाराच्या असेल तर आजचंच भांडण, फक्त घरबसल्या. अध्यक्षांच्या असेल तर ते पणजीला गेल्यावर काय? दार आपलं काम आपण करतंच आहे. ठरलं नाही ते एवढंच, की पाणी किती उंच चालेल आणि ते कोणी सांगायचं. मोटारीने ते ठरत नाही.

मामांच्या शेजाऱ्यांनी, ज्यांचं शेत सगळ्यांत सखल, त्यांनी मग बोलायला सुरुवात केली. एरवी ते बैठकीत बोलत नाहीत. "पाणी चढलं की आधी माझ्या कोपऱ्यात येतं. तुम्हाला कळतं चार दिवसांनी. पावणेकाराला सांगायला गेलो की तो म्हणतो, समितीचं पत्र आण."

तिथे मार्ग सापडला. पोंयीत, आतल्या बांधाजवळ, एक सिमेंटचा खांब रोवायचा आणि त्यावर लाल रेघ ओढायची. रेघेची उंची सखल शेतावरून सगळ्यांनी मिळून ठरवायची, पावणेकाराच्या देखत. अट एका ओळीची. जून ते कापणीपर्यंत पाणी रेघेच्या वर नको. वर गेलं तर सखल शेताचा मालक तोंडी सांगेल आणि पावणेकाराने त्याच ओहोटीला दार मोकळं करायचं, पत्र नंतर. नाही केलं तर अनामतीतून दंड. कुर्लीची भोकं बुजवायचं काम पावणेकाराकडून काढून एका पगारी माणसाला द्यायचं, पैसे पावणीतून. त्या बदल्यात कापणीनंतर पावणेकाराने पाणी हवं तेवढं घ्यावं, फक्त बांध सांभाळून. तरुण मुलाला मी म्हटलं, सेन्सर त्या खांबालाच लाव, पातळी सगळ्यांच्या फोनवर दिसू दे. तो खूश झाला.

सामायिक संपत्तीवर १९९० मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरचे कालवे, कुरणं, मासेमारीचे पाणवठे तपासले होते. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना आढळलं ते असं, की ज्यांना नियम लागू होतो त्यांचा नियम बदलण्यात हात असतो आणि पहारा त्यांच्याचपैकी कोणीतरी करतो. हे मी ओसरीवर बोललो नाही. तिथे गरज नव्हती.

एक गोष्ट सुटली नाही, तीही लिहून ठेवतो. दाराच्या नव्या फळीचा खर्च. संघटनेच्या खात्यात तेवढे नाहीत, आणि सरकारी अंदाजाची वाट बघितली तर पाऊस येईल. वर्गणी काढायचं ठरलं. कुवेतच्या वारसाला मामा उद्या फोन करतील.

रात्री १०.१५

मुळगाव. अटींचा मसुदा टाइप केला, एक पान, मराठीत. मामलेदार कचेरीत द्यायची प्रत वेगळी. उद्या सकाळी आप्पांना नवी केबल कुरिअरने पाठवायची आहे.

डिचोलीत, बार्देशात, तिसवाडीत, सासष्टीत तुमचं खाजन असेल आणि मानशीची पावणी निघणार असेल, तर बोली किती गेली हे विचारण्याआधी अटींचा कागद मागा. त्यात पाण्याची उंची लिहिलेली आहे का, आणि पाणी चढलं तर कोणाच्या तोंडच्या शब्दावर दार उघडेल, ते वाचा. नाव नसेल तर सही करू नका. नाव घालायचंच, तर ज्याचं शेत सगळ्यांत खाली आहे त्याचं घाला.